पार्टी त्यांची आभारी आहे

जळगाव, २७ जानेवारी

जीवन,
सप्रेम जयभीम.

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून हे पत्र. मास्तर माणूस तू, हातानं लिहिलेलं न वाचता फेकवणार नाही तुझ्याच्यानं. शुद्धलेखनाच्या चुका काढायला तरी वाचशील.

परवा जे केलंस ते शोभलं का तुला? माझ्या सभागृहात जळगावातली चार जाणती माणसं बसलेली, पेपरवाले बसलेले, पडद्यावर आपल्या बाबांचा फोटो, स्पीकरमधून त्यांचा आवाज, आणि तू मधेच उठतोस. बरं, उठायचं तर लघवीला जातात तसं मुकाट्यानं तरी जायचं. नाही! उभा राहून सगळ्यांदेखत म्हणतोस, "हे बाबांचं गाणं नाही." आणि दाणदाण पाय आपटत वर मशीनच्या खोलीत जाऊन कॅसेटची पिशवी काखोटीला मारून चालता होतोस. माझी एडिटर, ती सपना, बिचारी बघतच राहिली. तिनं तुला अडवलं नाही, कारण तिला वाटलं घरचा माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'कलेच्या आश्रयदात्या मंदाताईंच्या माहितीपटाच्या खेळात घरचाच गोंधळ'. झालं समाधान? माझ्या नणंदेनं ते कात्रण मला पाठवलं, आणि खाली हसण्याचं चित्र टाकलं. मी तिला कुठल्या शब्दांत उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

ही फिल्म काही मी शौक म्हणून करत नाहीये रे. शौकाच्या फिल्मा करून झाल्या माझ्या. दिवसभर पाटलाच्या वावरात सालदारकी करणारा माणूस रात्री पेटी पुढ्यात घेऊन बसला की अख्ख्या पारोळा तालुक्यातली माणसं बैलगाड्या जुंपून ऐकायला यायची, हे जगाला कळावं एवढंच माझं म्हणणं. 'चिंधा गायनपार्टी' हे नाव आज कुणाला माहीत आहे? तुला, मला आणि गावातल्या पाच-सहा म्हाताऱ्यांना. आपण गेलो की संपलं. परदेशातल्या एका महोत्सवानं फिल्म निवडलीय. एप्रिलात त्यांना पक्की प्रत द्यायची आहे. आणि तेरा एप्रिलला संध्याकाळी, जयंतीच्या आदल्या दिवशी, आपल्या गावात विहारापुढे पडदा लावून दाखवायची, हे मी गावाला कबूल करून बसलेय.

शेवटचं गाणं कॅसेटवरून काढून घ्यायचं राहिलंय. ते तू पळवलेल्या पिशवीत आहे. कॅसेटी तू जपल्यास, मान्य. पण बाप काय तुझ्या एकट्याचा होता?

शुक्रवारी धुळ्याला गाडी पाठवते. पिशवी दे. रूपाला आशीर्वाद सांग. तिचं काही चुकलं नाही, तिला तू भेटलास एवढंच.

तुझी बहीण (अजून तरी),
मंदा


जळगाव, १८ फेब्रुवारी

जीवन,
जयभीम.

गाडी रिकामी परत आली. आमचा ड्रायव्हर प्रेमराज कौतुकानं सांगत होता, "साहेबांनी पोहे खाऊ घातले, वर चहा पाजला, गाडी सावलीत लावायला जागा दाखवली." म्हटलं, पिशवी कुठंय? तर त्यानं खिशातून तुझी चिठ्ठी काढली. 'अक्का, काय कापलंस ते आधी शोध. पिशवी मग.'

हेडमास्तर झालास की काय? बहिणीला गृहपाठ देतो!

बरं, घे तुझा गृहपाठ. काय कापलं सांगते. कुत्री भुंकतात ती कापली. माइक शिट्टी मारतो ती कापली. कुणीतरी पिऊन 'चिंध्याऽ, वाजीव' म्हणून ओरडतो, तो कापला. आणि ती बक्षिसाची नावं कापली. गाणं ऐन रंगात आलेलं, आणि बाबा ओळीच्या मधेच थांबणार. पेटीवर नुसता सूर धरून ठेवणार, आणि 'अमक्या अमक्यांकडून दोन रुपये, पार्टी त्यांची आभारी आहे.' मग पुन्हा ओळ उचलणार. पुन्हा चार ओळींनी तेच. भातात खडा लागावा तसं होतं रे. आपल्या लोकांना सवय आहे, बाहेरच्या माणसानं कसं ऐकायचं? कॅसेटवरून कॉम्प्युटरवर घेतानाच मी सपनाला सांगितलं होतं, नाव सुरू झालं की स्टॉप दाब, गाणं आलं की पुन्हा सुरू कर. त्यामुळे ती नावं माझ्याकडे कुठेच नाहीत, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

तुला आणखी कुठलं कापलेलं खुपतंय ते तूच सांग. मी काही ज्योतिषी नाही.

आणि काय रे, 'अक्का, तू गाणंपण चटईसारखं गुंडाळून विकतेस', हे तू रूपाजवळ म्हणालास ना? कळतं मला सगळं. विकली मी चटई. अजून विकते. मोतीलालनी भंगारातलं मशीन आणून एमआयडीसीत पहिला शेड टाकला तेव्हा रात्रपाळीला दुसरा कामगार नव्हता, मीच होते. प्लॅस्टिकच्या वासानं जेवण जायचं नाही. आज खानदेशातल्या कुठल्याही लग्नात, कुठल्याही जयंतीत माणसं खाली बसतात ती माझ्या चटईवर बसतात. त्याची मला लाज नाही, मिजास आहे. गिऱ्हाइकांना मशीन दाखवायला म्हणून मोतीलालनी व्हिडिओ कॅमेरा आणला आणि मी तो त्यांच्या हातून काढून घेतला तो कायमचा. ते म्हणायचे, "सवत आणली मी घरात." धुळ्याच्या बँडवाल्यांची फिल्म केली, पारोळ्याच्या यात्रेत म्हातारपणी नाचणाऱ्या बाईची केली. ती बाई आजारी पडली तेव्हा दवाखाना मी केला. सभागृह बांधलं, तिथे गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला भाडं नाही. सगळं स्वतःच्या पैशानं, कुणापुढे हात न पसरता. मोतीलाल गेल्यावर लोकांना वाटलं आता बाई तीर्थाटन करेल. मी दुसरा कॅमेरा घेतला.

म्हणून नावाची हाव वगैरे मला शिकवू नको. माझं नाव फिल्ममधे कितीसं येतं? एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी, बस.

आणि त्या बक्षिसाच्या नावांचं तुला एवढं प्रेम कशाला? तू पार्टीत होतास तरी काय? गेल्या वर्षी कॅमेऱ्यासमोर मी तुला विचारलं, तू काय करायचास, तर म्हणालास, "काही नाही, बसायचो." मी तर तेवढंही केलं नाही, मी जळगावला होस्टेलवर. म्हणजे आपल्या दोघांत भांडायला कोणाला काही आधारच नाही.

पिशवी पाठव.

मंदा


जळगाव, ९ मार्च

जीवन,
जयभीम.

हे पत्र जरा सावकाश वाच. मी पण सावकाश लिहितेय.

काल गावाला जाऊन आले. म्हटलं, तेरा एप्रिलच्या आधी म्हाताऱ्या माणसांना तरी एकदा दाखवून घेऊ, कोण राहील कोण जाईल. सपना बरोबर होती. विहारात पडदा लावला. पार्टीचे ढोलकीवाले उखर्डूनाना आले. ते आता दोन्ही डोळ्यांनी गेलेत, पण माझ्या चपलेच्या आवाजावरून मला ओळखून म्हणाले, "चिंधानी पोर उनी." त्यांची पुष्पाबाई सगळ्यांत पुढे, नातीला मांडीशी घेऊन. निळ्या काठाची पांढरी साडी, घडी मोडलेली नव्हती. दहा-बारा बाया तशाच, ठेवणीतलं नेसून आलेल्या. मला वाटलं माझा मान राखायला आल्या. शहाणी मी.

गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला, आता काहीतरी येणार अशा थाटात, पुष्पाबाईनं नातीला कोपरानं ढोसलं, "आते, आते!" गाणं पुढे गेलं. नात तिच्या तोंडाकडे बघते, ती पडद्याकडे. पुढच्या कडव्याला पुन्हा, जरा हळू, "आते येई." नाही आलं. मग तिनं ढोसणं सोडलं. मागच्या बायांचंही तेच चाललेलं मला दिसत होतं. कान टवकारायच्या, मग मान खाली. फिल्म संपली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. जीवन, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चहा झाला. मी कप उचलत होते तशी पुष्पाबाई जवळ आली. "मंदे, चांगलं करं व. बठ्ठं चांगलं शे. पन आमनं नाव कोठे गयं?"

मी म्हटलं, "मावशी, नावांनी गाणं मधेच तुटतं ना."

ती म्हणाली, "तुटे. म्हनीसन त पैसा देवूत आम्ही."

बस, एवढंच बोलली आणि नातीचा हात धरून निघाली. घरी तिनं नातीला काय सांगितलं असेल, याचा विचार करत मी अख्खा रस्ता आले. प्रेमराजनं रेडिओ लावला तर त्याच्यावर खेकसले.

मला काय आठवलं सांगू? भोंगा. आपल्या वस्तीच्या कडुनिंबावर भोंगा बांधायचे. ऐकणारी माणसं इकडे बसलेली, आणि बाबा झाडावर चढून भोंग्याचं तोंड फिरवायचे गावाकडे, पाटलाच्या ओट्याकडे. सुट्टीत आले असताना मी विचारलं होतं, बाबा, उलटं का बांधता? ते नुसते हसले. दिवसभर वावरात 'ए पुशे', 'ए उखर्ड्या', 'ए चिंध्या'. आणि रात्री त्याच गावावरून भोंग्यातून जायचं, 'पुष्पाबाई उखर्डू सोनवणे यांच्याकडून दोन रुपये, पार्टी त्यांची आभारी आहे.' पाटलाला जेवताना ऐकावं लागायचं. पदराच्या गाठीतला निंदणीचा पैसा त्या बाया गाण्यासाठी देत नव्हत्या रे. गाणं काय, वावरात फुकट ऐकत होत्याच. गाणं थांबावं आणि आपलं पुरं नाव घेतलं जावं, याच्यासाठी देत होत्या.

आणि मी, चिंधाची पोर, माझं नाव सुरुवातीला नि शेवटी घातलं आणि त्यांची मधली काढून टाकली.

झालं ते झालं. मी ऊर बडवत बसणारी बाई नाही, तुला माहीत आहे. नावं परत घालणार. सगळी. एकही गाळणार नाही, कुत्री भुंकली तरी भुंकू देत. महोत्सवाला काय वाटेल ते वाटो. पण नावं फक्त त्या कॅसेटवर आहेत, आणि कॅसेटी तुझ्याकडे. आता मागतेय ती फिल्मवाली म्हणून नाही. पुष्पाबाई पुढच्या खेपेला पुन्हा तीच साडी नेसून येणार आहे. त्या दिवशी तिचं नाव आलं नाही तर मी त्या गावात पाऊल ठेवायच्या लायकीची नाही.

तुझा गृहपाठ झाला. शोधलं मी, काय कापलं ते.

गाडी पाठवत नाही, तुला माझ्या गाडीची ॲलर्जी आहे. तेवीस तारखेला रविवार आहे. मी पारोळ्याच्या स्टँडवर येते, तू धुळ्याहून ये. मधोमध. दोघांचाही मान राहील.

मंदा


पारोळा स्टँड, २३ मार्च

जीवन,

कँटीनच्या टेबलावर लिहितेय, कागदाला भज्यांचं तेल लागलं तर खपवून घे.

तू आला नाहीस. धुळ्याकडून येणारी प्रत्येक गाडी बघितली. उन्हानं डोकं फुटायची वेळ आली, एक कंडक्टर तर म्हणाला, "आजी, कुठं जायचं ते सांगा, बसवून देतो." आजी! पुढच्या गाडीतून रूपा उतरली, पिशवी छातीशी धरून, लेकरू धरावं तशी.

मी तिला आधी पाणी पाजलं आणि मग तुझ्या नावानं जे काय बोलायचं ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं. गुणाची आहे. मग म्हणाली, "अक्का, ते म्हणाले, अक्कानं अर्धं शोधलं. उरलेलं कॅसेटमधे आहे. मधे बंद न करता ऐकायला सांग."

अर्धं? अजून काय राहिलं रे बाबा?

विचारलं, तो स्वतः का नाही आला? तर म्हणे, सकाळी पायात बूट घालून दारापर्यंत आले आणि परत जाऊन बसले. तुझी पहिल्यापासूनची खोड. लग्नातसुद्धा असाच बोहल्यापर्यंत येऊन मागे फिरला होतास, मीच ढकललं होतं.

पिशवी मिळाली. ऐकते. बंद न करता. आपल्या बापाची शप्पथ.

मंदा


जळगाव, ११ एप्रिल

जीवन, माझ्या राजा,

ऐकल्या. सगळ्या कॅसेटी, दोन्ही बाजूंनी. सपना मशीनपाशी, मी कानाला हेडफोन लावून. स्टॉपचं बटण दाबायचं नाही म्हणून तिच्या बोटाला चिकटपट्टी लावायची धमकी दिली होती.

पहिल्यांदा मला काहीच कळलं नाही. नाव येतं, पार्टी आभारी आहे, गाणं पुढे. आलं, गेलं. मग सपना म्हणाली, "मॅडम, प्रत्येक नावाच्या आधी एक खरखर आहे बघा. फुसफुस असं काहीतरी. साफ करू का?" आवाज वाढवला. खरखर नव्हती ती. पोराचा आवाज होता. कुजबुजलेला. 'पुष्पाबाई उखर्डू सोनवणे, दोन रुपया.' आणि लगेच बाबा तेच मोठ्यानं, भोंग्यावर.

मी सपनाला म्हटलं, हात लावू नको. कशालाच हात लावू नको.

तू होतास तो. आठ-नऊ वर्षांचा. माणसांत फिरून पैसे गोळा करायचास, प्रत्येकाचं पुरं नाव विचारून घ्यायचास, आणि पेटीच्या मागून जाऊन बाबांच्या कानात सांगायचास. बाबांना चिठ्ठी वाचता येत नव्हती, त्यांची चिठ्ठी तू होतास. एका रात्रीतली पन्नास नावं, एकाचं दुसऱ्याला लागलं नाही. आणि मला सांगतोस, "काही नाही, बसायचो"! बाबांच्या गाण्याची फिल्म केली आणि त्यातून तुला सबंधच्या सबंध कापून टाकलं मी. तू पहिल्या रांगेत बसून ते बघत होतास. मी असते तर पडदा फाडला असता.

पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ते तुला ठाऊक आहे म्हणून तू आला नाहीस. बरोबर ना? तुला माझं तोंड बघायचं नव्हतं ऐकताना.

भुसावळच्या मामांनी टेप आणला होता त्या रात्रीची कॅसेट. बाबांचं लेकीचं गाणं, 'शिक व मनी लेक, वावर नही आपलं, पुस्तक ते तुनं होऊ दे'. ओळीच्या मधे पेटीचा सूर थांबतो. तुझी कुजबुज. "बाबा, अक्कानं नाव ल्या."

बाबा हळूच म्हणतात, "ती त जळगावले शे."

तू म्हणतोस, "तिनाच पैसा शेतस. माले दी गयी."

आणि मग भोंग्यावर, पाटलाच्या ओट्यापर्यंत, माझ्या बापाचा आवाज. "मनी पोर, मंदा चिंधा बैसाणे, जळगावले शिकी ऱ्हायनी. तिनाकडून आठ आणे. पार्टी तिनी आभारी शे."

जीवन, मी तुला आठ आणे कधी दिले होते? होस्टेलात माझ्याकडे साबणाला पैसे नसायचे, दुसऱ्या पोरींची उरलेली चिपटं वापरायची मी. खोटं बोललास. बापाशी खोटं बोललास, माझं नाव यावं म्हणून. आणि एकदा नाही, प्रत्येक कॅसेटवर आहे. जिथे जिथे पार्टी गेली, तिथे तिथे मी गावात नसताना माझं नाव घेतलं गेलं. रूपाला फोन करून विचारलं, कुठून आणायचा गं हा पैसे? ती म्हणाली, शाळेच्या वाटेवर बोरं विकायचे म्हणे. मागे एकदा तापात बडबडले तेव्हा कळलं.

रडले मी. सपनासमोर ढसाढसा रडले. पोरगी घाबरून पाणी घेऊन आली.

आजवर सत्काराला गेले की निवेदक म्हणतो, मंदाताईंनी कलेला पहिली मदत अमक्या साली केली, तमक्या साली केली. मीही मान डोलवते. कलेला माझ्या नावाचं पहिलं बक्षीस गेलं ते तुझ्या चड्डीच्या खिशातून. त्याच्यावर मी स्टॉपचं बटण दाबायला लावलं.

आता काय केलं ते ऐक. सगळी नावं परत घातली, तुझ्या कुजबुजीसकट. फिल्म बरीच लांबली. महोत्सवाला पाठवली तर त्यांचं गोड उत्तर आलं, मधल्या घोषणा काढल्यात तर फार बरं होईल, आमचे प्रेक्षक कंटाळतील. मी लिहून टाकलं, कंटाळू देत. त्यांनी फिल्म वगळली. सपनाचं तोंड पडलं होतं, तिला म्हटलं, तुझी मी पुढे सोय करेन, पण हे असंच राहील. सुरुवातीचं आणि शेवटचं माझं नाव काढून टाकलंय. ते आता मधेच येतं, बाबांनी घेतलं तिथे, आठ आण्यांसकट. तेवढं पुरे.

परवा तेरा तारीख. फिल्म संपली की लगेच गाणं आहे. उखर्डूनाना म्हणाले, डोळे गेले म्हणून हात गेले नाहीत. ते ढोलकी घेऊन बसणार. पेटीवर त्यांचा पुतण्या चुडामण. भोंगा कडुनिंबावरच बांधायचा, तोंड कुठे करायचं ते मी सांगितलंय. आणि बक्षिसाची नावं मी पुकारणार. मी गावात राहिलेच कुठे, मला सुना-नातवंडांची नावं ठाऊक नाहीत. कानाशी सांगायला माणूस लागेल. चटई टाकून ठेवलीय पेटीच्या मागे, आपल्या कारखान्यातली, निळी.

मी विनवण्या करणार नाही. तू ये. बूट घालून दारापर्यंत आलास की परत फिरायचं नाही, मी ढकलायला तिथे नाही. तू नाही आलास तर गाणं ओळीच्या मधे थांबेल आणि मी ते पुढे जाऊ देणार नाही. नानांना सांगून ठेवलंय. लोक विचारतील, काय झालं, का थांबलं? सांगेन, नाव यायचंय. बसा.

तुझी अक्का,
मंदा चिंधा बैसाणे

ता.क. पाकीट चिकटवून धुळ्याच्या एस्टीच्या कंडक्टरजवळ देणार तेवढ्यात रूपाचा फोन आला. दुपारपासून तू तिला तीनदा विचारलंस म्हणे, पारोळ्याची गाडी किती वाजता आहे. माझी गाडी पाठवायचं फार मनात होतं, पाठवत नाही. एस्टीनंच ये. येताना सुटे पैसे आण, लोकांकडे हल्ली नुसते मोबाइल असतात. बाकीची नावं तू माझ्या कानात सांग. पहिलं मला पाठ आहे. जीवन चिंधा बैसाणे, आठ आणे.